पार्श्वभूमी : कामगारांच्या वतीने कोणी बोलायचे?

केंद्राच्या चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आणि वाटाघाटीचा अधिकार कोणत्या युनियनला द्यायचा, हा पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला जुना प्रश्न नव्या टक्केवारीसह पुढे आला. कामगारांचा निर्णय कामगारांनीच, कामाच्या जागी घ्यावा आणि पक्ष, सरकार किंवा न्यायालय यांना त्यात मध्यस्थ होऊ देऊ नये, हा अराज्यवादी सिंडिकॅलिझमचा आग्रह या प्रश्नाच्या मुळाशी जातो, म्हणून त्याची उजळणी इथे आवश्यक वाटते.

युनियनने राजकीय पक्षांपासून स्वतंत्र राहावे, असा ठराव फ्रान्समधील आमियाँ येथे 1906 मध्ये झाला. बार्सिलोनातील वीज कंपनीच्या 1919 च्या संपाने शहर अंधारात गेले आणि त्यानंतर स्पेनमध्ये आठ तासांचा कामाचा दिवस कायद्याने मान्य झाला. 1936 मध्ये त्याच शहरातील ट्रामसेवा कामगारांनी स्वतः चालवून दाखवली. बर्लिनमधील सिंडिकॅलिस्ट वर्तुळात वावरलेला एक भारतीय क्रांतिकारक 1935 मध्ये मुंबईत परतला होता, परंतु त्याच्या विचाराला इथे संघटना मिळाली नाही. आपल्याकडची कामगार चळवळ पक्षांच्या आधाराने आणि कायद्याच्या चौकटीत वाढली.

त्या चौकटीतला सर्वाधिक वादग्रस्त निर्णय महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात आहे. युनियनांना मान्यता देण्याविषयीचा आणि अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा हा कायदा 1968 मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून झाला आणि 1975 मध्ये अंमलात आला. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगात, अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडे मान्यता मागता येते. न्यायालयाच्या आदेशाने तपासणी अधिकारी सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या पडताळतो. गुप्त मतदानाचा मार्ग या कायद्याने स्वीकारला नाही. या मुद्द्यावर देशभरच्या कामगार संघटनांत तेव्हाच दुफळी होती. सत्ताधारी पक्षाच्या जवळची संघटना पडताळणीच्या बाजूने होती, तर डाव्या आणि समाजवादी संघटना मतदानाचा आग्रह धरत होत्या. महिनोन्महिने वर्गणी भरणारा सभासद हाच निष्ठेचा खरा पुरावा, मतदान मात्र एखाद्या भाषणाच्या भरात फिरू शकते, हा पडताळणीवाल्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तरीही पावती फाडताना सुपरवायझर बघत असतो आणि मतपेटीजवळ तो नसतो, हा फरक कारखान्यात काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मान्यताप्राप्त युनियनने संपाची नोटीस देण्यापूर्वी सभासदांचे बहुमत घेतलेच पाहिजे, असे हाच कायदा सांगतो. म्हणजे संप करायचा की नाही हे मताने ठरवण्याइतका कामगार शहाणा मानला गेला, पण आपल्या वतीने कोणी बोलायचे हे ठरवण्यासाठी त्याचे मत मागितले गेले नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांना लागू असलेला 1946 चा कायदा वेगळा होता, पण 1982 च्या संपात हीच गाठ तिथेही बसली. कामगार एका नेतृत्वामागे गेले आणि कायदेशीर प्रतिनिधित्व दुसऱ्या युनियनकडे राहिले. पुण्याने तो अनुभव 1989 मध्ये घेतला. पिंपरीतील एका मोठ्या वाहन कारखान्याच्या व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी वेतनकरार केल्यानंतर हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि सप्टेंबरअखेरीस पोलिसांनी त्यांना पहाटे उचलले. त्यानंतर या परिसरातील अनेक कंपन्यांत बाहेरच्या नेत्याऐवजी ‘इंटर्नल युनियन’ पत्करली गेली. नेतृत्व कारखान्यातलेच असावे ही मागणी दिसायला सिंडिकॅलिस्ट वाटते, मात्र शेजारच्या कारखान्यातील कामगारांशी असलेले नाते तुटले की तिच्यातला जोर निघून जातो, असे माझे मत आहे.

आता नव्या संहितेनुसार एकाहून अधिक युनियन असल्यास हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटीकर्ती ठरते. एकीलाही तितका पाठिंबा नसेल, तर किमान 20 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनांची वाटाघाटी परिषद बसते. संपाची नोटीस दिल्यावर 14 दिवस थांबणे सर्वच उद्योगांना बंधनकारक झाले आहे. पण चाकण-रांजणगावच्या असेंब्ली लाइनवर कायम कामगाराच्या शेजारी उभा असलेला कंत्राटी मुलगा कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असतो आणि शिकाऊ उमेदवार तर कामगारच मानला जात नाही. आमियाँच्या काळी कारखान्यात काम करणारा तो कामगार, हे गृहीत होते. आज तेच गृहीतक ढासळले आहे.

त्यामुळे सिंडिकॅलिस्ट विचाराच्या खुणा पुण्यात कारखान्यांच्या गेटबाहेर अधिक ठळक दिसतात. 1969 च्या माथाडी कायद्याने हमालांच्या टोळ्यांना मालकागणिक नव्हे, तर मंडळाकडे नोंदवले. व्यापारी हमाली आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के अधिभार, मंडळात भरतो. मंडळावर मालक आणि कामगार यांच्या जोडीला सरकारही असल्याने कडवा सिंडिकॅलिस्ट ही व्यवस्था स्वीकारणार नाही. कचरावेचकांची 1993 मधली संघटना त्याच्या अधिक जवळची आहे. तिच्यातून 2008 मध्ये उभ्या राहिलेल्या सहकारी संस्थेत घरोघरचा कचरा उचलणारी बाई स्वतःच भागधारक आहे. ती ओला-सुका कचरा वेगळा घेते, पुठ्ठा, काच, प्लास्टिक निवडून भंगारवाल्याला विकते आणि ते पैसे तिचेच राहतात. घरामागे मिळणारे मासिक शुल्क वेगळे. काम करायचा अधिकार मात्र महापालिकेशी होणाऱ्या करारावर अवलंबून आहे आणि त्याच्या नूतनीकरणासाठी या संस्थेला वारंवार झगडावे लागले आहे.