शाब्दिक दुरुस्ती (रोबोट-प्रशिक्षण)

रोबोट काम करत असताना माणसाने तोंडी सूचना देऊन त्याची हालचाल तिथल्या तिथे सुधारायची आणि त्याच सूचना साठवून पुढच्या प्रशिक्षणात वापरायच्या, या पद्धतीला शाब्दिक दुरुस्ती म्हणता येईल. संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्या ‘श्रडलू’ या संगणक-प्रोग्रामने १९७० च्या सुमारास टंकलेल्या इंग्रजी आज्ञांनुसार ठोकळे हलवले होते, पण ते पडद्यावरचे ठोकळे होते; निसटणारी पिशवी किंवा घसरणारी बशी तिथे नव्हती.

स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील संशोधकांची २०२४ मधली ‘येल अॅट युअर रोबोट’ (‘आपल्या रोबोटवर ओरडा’) ही रचना या पद्धतीचा चांगला नमुना आहे. अलोहा या दोन हातांच्या रोबोटकडून पिशवी भरणे, सुकामेव्याचे मिश्रण करणे आणि ताटली पुसणे ही कामे तिने करून घेतली. रचनेत दोन थर असतात. वरचा थर कॅमेऱ्यातले दृश्य पाहून पुढची कृती शब्दांत ठरवतो. खालचा थर ते वाक्य आणि दृश्य मिळून सांध्यांच्या हालचाली काढतो. अलोहात प्रत्येक हाताचे सहा सांधे आणि एक चिमटा, म्हणजे एकूण १४ आकडे, सेकंदाला ५० वेळा पाठवले जातात.

खालच्या थराच्या प्रशिक्षणासाठी चालक दूरनियंत्रणाने हात हलवतो आणि प्रत्येक छोट्या कृतीआधी ती बोलून दाखवतो. ध्वनिमुद्रणाचा मजकूर केला, की त्या-त्या तुकड्याला आयते नाव मिळते. इथे ‘थोडं डावीकडे’, ‘चिमटा उघड’ अशा सावरण्याच्या कृतीही मुद्दाम करून घ्याव्या लागतात. नेमके हेच बहुतेकदा राहून जाते.

प्रत्यक्ष कामात माणूस बोलला, की वरच्या थराचे वाक्य बाजूला पडते आणि माणसाचे वाक्य थेट खाली जाते. ते वाक्य आणि त्या क्षणाचे दृश्य यांची जोडी साठवतात. अशा जोड्यांवर फक्त वरचा थर पुन्हा शिकवला जातो. नव्याने दूरनियंत्रण करावे लागत नाही, ही या पद्धतीची खरी बचत. सूचनेच्या लगेच आधीचा तुकडा मात्र चुकीचा असण्याची शक्यता मोठी असते. तो गाळला नाही, तर तीच चूक पक्की होते.

मर्यादाही इथूनच येतात. खालच्या थराला जे जमत नाही, ते कितीही ओरडून सांगितले तरी होत नाही. त्यासाठी नवी प्रात्यक्षिकेच लागतात. ‘डावीकडे’ म्हणजे बोलणाऱ्याच्या की रोबोटच्या, हे आधी ठरवले नाही, तर समोर उभ्या माणसाची सूचना उलटी लागू होते. ‘थोडं’ किती, हे प्रशिक्षणातल्या तुकड्यांवरून ठरते, म्हणून दोन चालकांचे ‘थोडं’ वेगळे असले की हात घुटमळतो. वाक्य ओळखायला उशीर झाला, तर तोवर वस्तू हललेली असते. ओतण्यासारख्या कामात एवढा उशीरही महागात पडतो.