समोरचा बोलत असताना मेंदू काय करतो?

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि देहबोली!’ सल्लागारांच्या प्रशिक्षणवर्गात हे वाक्य अजूनही ठोकून दिलं जातं. या आकड्यामागचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुट्या शब्दांवर आणि भावना ओळखण्यापुरते होते. अशिलाची हकिगत किंवा रुग्णाची तक्रार यांना तो आकडा लावणं साफ चूक आहे. शब्दच नीट ऐकायचे असतात, आणि ते अवघड का जातं याचं कारण मला विलक्षण वाटतं.

२००९ मध्ये संशोधकांनी दहा भाषांतल्या गप्पा मोजल्या (भारतीय भाषा त्यांत एकही नव्हती). प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. पण चित्र पाहून त्याचं नुसतं नाव सांगायलाच ६०० मिलिसेकंद लागतात: वस्तू ओळखायची, शब्द शोधायचा, त्याचे ध्वनी जुळवायचे, जीभ हलवायची. मग २०० मध्ये उत्तर येतं कुठून?

समोरच्याचं बोलणं चालू असतानाच ते तयार होत असतं. २०१५ च्या एका प्रयोगात लोकांना प्रश्नमंजुषेतले प्रश्न ऐकवून मेंदूतले विद्युत-संकेत नोंदवले. उत्तराचा धागा काही प्रश्नांत मध्येच ठेवला होता, काहींत शेवटी. तो मध्ये आला की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत उत्तराची जुळवाजुळव सुरू, प्रश्न पुढे चालूच! ऐकणं आणि बोलण्याची तयारी यांना मेंदूतल्या बऱ्याच सामाईक यंत्रणा लागतात, त्यामुळे ओढाताण होते.

वकील, करसल्लागार, डॉक्टर यांना तर धागा आपल्याहून लवकर सापडतो. माझ्या मते अनुभवी माणसाचं ऐकणं म्हणूनच आधी सुटतं.

१९८४ मध्ये अमेरिकेत ७४ तपासण्यांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडत होते. सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करायला मिळालं फक्त १७ जणांना. ‘सगळ्यांचं ऐकत बसलो तर दवाखाना कधी आटपायचा?’ हा प्रश्न रास्त आहे. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या डॉक्टरांनी तो २००२ मध्ये तपासून पाहिला. ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांनी ३३५ रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिलं. रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले फक्त सात जण, आणि त्या सातही जणांबद्दल डॉक्टरांचं मत पडलं की ते महत्त्वाचं सांगत होते, त्यांना थांबवायला नको होतं.