सुई आधी बाहुलीला

माझी पाच वर्षांची भाची डेंग्यूने आजारी पडली, तेव्हा परळच्या एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात चार दिवस होती. हाताला सलाईन, सुई हलू नये म्हणून मनगटाखाली पट्टी बांधलेली. सकाळ-संध्याकाळ रक्त तपासायला कुणीतरी यायचं आणि पावलं वाजली की ती हात पांघरुणात लपवायची. तिसऱ्या दिवशी तिने सिस्टरकडून चिकटपट्टीचा तुकडा मागून घेतला, बाहुलीच्या हाताला लावला आणि म्हणाली, "आधी हिचं घ्या." सिस्टरनी बिनसुईची सिरिंज बाहुलीच्या हाताला टेकवली, "झालं हं" म्हटलं. त्या दिवशी भाची रडली, पण हात मागे घेतला नाही.

वॉर्डात जे काही होतं ते मुलाला केलं जातं. मुलाने कुणाला तरी काही करावं, अशी एकच जागा उरते ती खेळण्याची. आजारी मुलांसाठी खेळणी घडवणारे हाच धागा पकडतात. अमेरिकेत २०१८ साली कॅन्सरग्रस्त मुलांसाठी एक बदक आलं. आनंदी, घाबरलेला, रागावलेला अशा चेहऱ्यांच्या चकत्या त्याच्या छातीला टेकवल्या की बदक तसंच वागतं. त्याला नळी जोडून खोटं औषधही देता येतं. "मला भीती वाटते" हे शब्द ज्या मुलाच्या तोंडून निघत नाहीत, ते नुसती चकती उचलतं.

बोस्टनमध्ये एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी निळं रोबो-अस्वल बनवलं. रुग्णालयातल्या ३ ते १० वर्षांच्या ५४ मुलांवर त्याची चाचणी झाली. काहींना रोबो, काहींना पडद्यावरचं अस्वल, काहींना साधं टेडी. रोबोपाशी मुलं साध्या टेडीपेक्षा जास्त खुलली, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते अस्वल बोलायचं ते दुसऱ्या खोलीत बसलेल्या प्रशिक्षित व्यक्तीच्या आवाजात. परळच्या वॉर्डात एका खाटेवर नांदेडचं मूल, शेजारी बिहारचं, पलीकडे बंगालचं. अस्वलाने कुठल्या भाषेत बोलायचं? मला वाटतं, मुंबईच्या वॉर्डांसाठी असं खेळणं बनवायचं तर त्याने बोलूच नये.

स्पर्शाला भाषा लागत नाही. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे कोपरापुढच्या हातावर, गालावर, काही सावकाश संदेश नेणारे चेतातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हळुवार काही फिरलं, त्यातही ते त्वचेइतकंच ऊबदार असलं, की ते सर्वांत जास्त जागे होतात. आई पाठीवरून हात फिरवते तो साधारण हाच वेग. तळहाताला हे तंतू फारच कमी. मुलं बाहुली गालाशी आणि कोपराच्या बेचक्यात धरतात, तेव्हा मऊपणा आणि ऊब तिथे हवी. पोटात छोटी मोटर बसवून खेळण्याला सावकाश श्वास देता येतो. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून पोट फुगायला कमी आणि बसायला जास्त वेळ घेणारं खेळणं कुशीत असलं, तर त्याच्या लयीत मुलाचाही श्वास लांबवता येईल.

खरी अडचण मात्र मोटरची नाही, मऊपणाची आहे. न्यूझीलंडमध्ये डॉक्टरांच्या प्रतीक्षाखोलीतली खेळणी तपासली, तेव्हा कडक खेळण्यांपेक्षा मऊ खेळण्यांवर कितीतरी जास्त जंतू सापडले. धुतल्यावरही ती लवकरच पुन्हा तशीच झाली. हा अभ्यास २००२ चा. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाच्या उशाशी असं टेडी ठेवणं धोक्याचं. त्यात आपला जुलै! दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तर कापूस भरलेलं अस्वल काय वाळणार? आत बुरशी धरते आणि वरून कळतही नाही.

म्हणून यंत्र सिलिकोनच्या बंद गोळ्यात हवं, स्पिरिटने पुसता येईल असं. बॅटरीचं झाकण स्क्रूचं, कारण गिळलेली बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जबर भाजते. त्यावर पातळ, चटकन वाळणारा कापडी अंगरखा, प्रत्येक मुलाचा वेगळा, आणि एक जादा. अंगरखा मळला की मुलानेच तो काढायचा, मावशींच्या हातात द्यायचा आणि खेळण्याला ओल्या फडक्याने पुसायचं: आज याची अंघोळ. ज्याला स्वतःला चार दिवस कुणीतरी पुसून काढतंय, त्याच्या हातात ते फडकं असावं.