घरी मराठी वाचन शिकवणे

साधारण चार ते सात वर्षांच्या मुलाला घरातल्याच मोठ्यांनी मराठी मजकूर समजून वाचायला शिकवण्याची रीत. मूल मराठी शाळेत जात असेल तर ती शाळेला जोड देते. इंग्रजी माध्यमातल्या किंवा महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलासाठी मात्र मराठी वाचनाचा तोच मुख्य मार्ग असतो.

बहुतेक घरांत सुरुवात अंकलिपीने होते. आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग जोडाक्षरे, आणि वाचण्याजोगा मजकूर सगळ्यांत शेवटी. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानुसार मराठी वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. त्यांतल्या ३४ व्यंजनांची नुसती बाराखडी लिहिली तरी चारशेच्या वर रूपे होतात. एवढे पाठ होईपर्यंत मुलाला एकही गोष्ट वाचायला मिळाली नाही, तर त्याचा हुरूप टिकणार कसा? वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर बेतलेला आहे, कंठापासून ओठांपर्यंत, आणि तो सुंदरच आहे. पण क, ख, ग, घ, ङ एवढे शिकून मुलाच्या रोजच्या बोलण्यातला शब्द क्वचितच तयार होतो. शिवाय तक्ता घडाघडा म्हणणारे मूल सुटा ‘म’ समोर ठेवला की गप्प होते, कारण त्याने चाल पाठ केलेली असते, अक्षर नाही.

म्हणून अक्षरगटाची पद्धत, म्हणजे थोडीच अक्षरे घेऊन लगेच त्यांचे शब्द वाचणे, घरासाठी अधिक योग्य ठरते. क, म, ल, न आणि काना एवढ्यावर नाक, कान, मान, काम, लाल, काका, मामा हे शब्द वाचता येतात. त्यात ‘आ’ घातला की ‘काका आला’, ‘मामा आला’ ही पूर्ण वाक्ये होतात. पहिल्या काही दिवसांतच मुलाने स्वतः वाक्य वाचलेले असते. त्या क्षणाचे मोल फार आहे. पुढचे गट लावताना एकच पथ्य पाळावे: दिसायला सारखी अक्षरे एकाच गटात घेऊ नयेत. भ-म, घ-ध, थ-य, ब-व यांतले एक पक्के झाल्यावरच दुसरे आणावे.

अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला लावणारी शब्दपद्धतीही प्रचलित आहे. मुलाचे नाव, भावंडांची नावे यांसाठी ती छान चालते. तिच्यावरच विसंबले तर मूल पहिले अक्षर पाहून पुढचे अंदाजाने ठोकते. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पद्धतशीर शिकवल्याने फायदा होतो, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० साली इंग्रजी वाचनाबाबत काढला. मराठीत ही सांगड इंग्रजीहून कितीतरी सरळ आहे.

तरी ती पूर्ण सरळ नाही, आणि मुले नेमकी तिथेच अडतात. ‘दिवा’मधली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘कमळ’ शब्दातला शेवटचा ‘ळ’ पूर्ण उच्चारला जात नाही, त्यामुळे क-म-ळ असे सुटे म्हणणाऱ्या मुलाला तो ओळखीचा शब्द ऐकूच येत नाही. अशा वेळी अक्षरे भराभर जोडून म्हणून दाखवावीत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, दोन्ही लिहायचे सारखेच; कोणता ‘ज’ म्हणायचा ते वाक्यावरून ठरते. ‘र’ची रूपे सर्वांत शेवटी घ्यावीत: सूर्य, चक्र, ट्रक, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक.

साधने थोडी पुरतात. पुठ्ठ्याची अक्षरकार्डे घरी कापावीत, म्हणजे गट आपल्या सोयीने लावता येतो. विकतच्या तक्त्यात ते जमत नाही. पाटी-पेन्सिल हवीच. पूर्वी धुळाक्षरे गिरवत, मारिया माँटेसरी यांनी सँडपेपरची अक्षरे बोटाने गिरवायला दिली. दोन्हींत हाताची हालचाल अक्षर लक्षात ठेवायला मदत करते. अक्षरे बोलून दाखवणारी खेळणी आणि ॲप यांवर फार खर्च करू नये. त्यांत मुलाच्या आधी यंत्रच वाचून मोकळे होते.

पुस्तके निवडताना पानावर एक-दोन वाक्ये, ठळक टाइप आणि बोलीला जवळची भाषा पाहावी. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत आणि विनामूल्य मिळतात. मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक सोपे असावे, मोठ्यांनी वाचून दाखवायचे मात्र त्याहून बरेच वरचे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६मध्ये मांडल्याप्रमाणे वाचनाचे आकलन दोन गोष्टींच्या गुणाकारासारखे असते: लिपी उलगडणे आणि भाषा समजणे. एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. ज्या घरात मराठी कमी बोलली जाते तिथे गोष्टी ऐकवणे, भेंड्या लावणे, टाळ्या वाजवत शब्दांची अक्षरे मोजणे हे कार्डांच्याही आधी यायला हवे.

रोजची दहा-पंधरा मिनिटे पुरतात, तीही मूल ताजेतवाने असताना. चूक झाली की लगेच शब्द सांगून टाकू नये. अडलेल्या अक्षरावर बोट ठेवून थांबावे. पुष्कळ महिने नियमित सराव करूनही अक्षरे टिकत नसतील, तर आळशीपणाचा ठपका ठेवण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि वाचन-अक्षमतेच्या शक्यतेबाबत तज्ज्ञांना विचारावे.