लाखावर चाललेली डिझेल गाडी म्हणजे भंगार?

आपल्या इकडं पारावर कोणीही सांगते, लाख किलोमीटरच्या वर गेली का डिझेल गाडी संपली. असं काही नसते भाऊ. वर्धा-नागपूर हायवेवर दीड लाख पळालेलं इंजिन, ऑइल वेळेवर बदललं असंल तर, गावातल्या गावात साठ हजार रखडलेल्यापेक्षा बरं निघू शकते. मीटर तं मागंही फिरवतात लोकं, म्हणून जुनी गाडी घेताना सर्व्हिसचा रेकॉर्ड मागा, इंजिन गरम झालं की चालू असतानाच ऑइलचं झाकण हळूच उघडा, भकाभका धूर आला तर हात जोडून निघा. टर्बो, इंजेक्टर, क्लच, खरा खर्च इथंच. अन् 10 वर्षांनी जुन्या डिझेल गाड्या बंद करायची भानगड दिल्ली-एनसीआरची हाये, आपल्याकडं 15 वर्षांनी फिटनेस करून नोंदणी वाढते. रोज नुसतं वावरापर्यंतच जायचं असंल तर मात्र बीएस-6 (नव्या प्रदूषण नियमाची) डिझेल नकोच, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी चोक होते.