मेणवली

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यातले कृष्णाकाठचे छोटे गाव. वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवर, धोमच्या रस्त्याला. बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१७४२–१८००) यांचा वाडा व घाट यांमुळे ते प्रसिद्ध आहे. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. मेणवली नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाली आणि त्यानंतर गावात वाडा, घाट व देवळे उभी राहिली.

वाडा सहा चौकी असून भोवती तटासारखी उंच भिंत आहे. आत ओसऱ्या, लाकडी खांब, तुळया आणि भिंतींवर मराठेशाहीतील रंगचित्रे दिसतात. पुण्यातले पेशवाईतील बहुतेक वाडे आगीत गेले, पडले किंवा पाडले गेले. त्यामुळे त्या काळच्या कारभाऱ्याचे घर कसे असे, हे पाहायचे तर मेणवलीलाच यावे. मोडी कागदांचे नानांचे खासगी दफ्तर याच वाड्यात होते. ‘मेणवली दफ्तर’ म्हणून ओळखले जाणारे हे कागद इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आले. इतिहासाच्या दृष्टीने वाड्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, मोल या दफ्तराचे आहे.

वाड्यामागे नदीवर चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट असून तेथे विष्णूचे व मेणेश्वर महादेवाचे अशी दोन देवळे आहेत. शेजारच्या लहानशा दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची उठावदार आकृती आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेतील लुटीत ही घंटा आली, असे मानतात. चर्चमधल्या अशाच घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरलाही आहेत. विजयाची खूण देवाला वाहण्याची ती रीत होती; घंटेवरची आकृती खरवडून काढावी, असे मात्र कोणाला वाटले नाही.

नानांनंतर त्यांची अल्पवयीन विधवा जिऊबाई हिची परवड झाली. पुढे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने रदबदली केली, तिला इंग्रजांकडून सालिना १२ हजार रुपयांचे वर्षासन मिळाले आणि ती मेणवलीत राहिली. तिने दत्तक घेतल्याने वंश चालला. वाडा घराण्याकडेच राहिला.

अलीकडे हिंदी चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी या वाड्याचा व घाटाचा वापर होतो.