छापा, काटा आणि कोचची खुर्ची

10 सप्टेंबर 2022ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहराच्या मेमोरियल स्टेडियममध्ये 80 हजारांहून जास्त माणसं बसलेली. समोर नेब्रास्का विद्यापीठाचा संघ आणि जॉर्जिया सदर्न नावाच्या, तुलनेनं लहान विद्यापीठाचा संघ. हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचं, फेकण्याचं अमेरिकन फुटबॉल. सामना संपायला 36 सेकंद उरले असताना पाहुण्यांनी टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला, आणि 45-42 अशी आघाडी घेतली. नेब्रास्काला शेवटची एक संधी मिळाली. 52 यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या बाहेरून गेली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांची नोकरी गेली.

मुदतीआधी करार मोडल्याबद्दल विद्यापीठाला त्यांना दीड कोटी डॉलर द्यावे लागणार होते. 1 ऑक्टोबरपर्यंत थांबलं असतं तर ही रक्कम निम्मी, म्हणजे 75 लाख डॉलर झाली असती. पण वीस दिवसही थांबायची कुणाची तयारी नव्हती. कोचला ठेवायचं की काढायचं हा वाद तिथे महिनोन् महिने चालला होता. त्या एका किकनं तो मिटवला. एका पराभवावरून आपण माणसाबद्दल किती ठाम मत बनवू शकतो? संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र या दोघांकडेही या प्रश्नावर सांगण्यासारखं बरंच आहे, म्हणून हे प्रकरण मला कुतूहलाचं वाटतं.

आपल्याकडे कॉलेजचा सामना म्हटलं की मैदानाच्या कडेला उभी असलेली पन्नास-शंभर पोरं आठवतात. नेब्रास्कात मोठ्या व्यावसायिक लीगमधला फुटबॉल संघच नाही. विद्यापीठाचा संघ हाच साऱ्या राज्याचा संघ. 1962पासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम लोकसंख्येच्या हिशेबानं राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात, आणि आकडे बघितले तर ते खरंही आहे. फ्रॉस्ट त्याच राज्यातले. 1997मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या नेब्रास्का संघाचे ते क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हाती असलेले खेळाडू. त्यांना 'आपला माणूस' म्हणूनच परत आणलं होतं.

हे 'आपला' प्रकरण साधं नाही. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1973च्या मोसमात सात अमेरिकन विद्यापीठांत एक सोपी नोंद ठेवली: सोमवारी वर्गात विद्यापीठाचं नाव-चिन्ह असलेले कपडे घालून किती जण आलेत. आदल्या शनिवारी संघ जिंकला असेल तर असे कपडे जास्त दिसत. मग त्यांनी विद्यार्थ्यांना फोन करून सामन्याचं वर्णन करायला सांगितलं. संघ जिंकला असेल तर वर्णनात 'आम्ही' जास्त वेळा येई. हरला असेल तर हा 'आम्ही' मागे सरून 'ते' पुढे येई. 1976मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. यशात वाटा मागणारा माणूस अपयशापासून चार पावलं लांब सरकतो. पण नेब्रास्कासारख्या ठिकाणी लांब सरकायचं तरी कुठे? आजोबांपासून घरात संघाचा तोच लाल रंग. संघ सोडता येत नाही, मग दुःखाला दुसरी वाट हवी असते, आणि खापर फोडायला एक डोकं लागतं. अकरा खेळाडू, मैदानावरचे पंच, वारा, दुखापती, उलटसुलट उडालेला चेंडू यांपेक्षा कडेला उभा असलेला एक माणूस जास्त स्पष्ट दिसतो.

फ्रॉस्टच्या त्या शेवटच्या, 2022च्या मोसमाचा पहिला सामना डब्लिनमध्ये झाला होता, 27 ऑगस्टला, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. तिसऱ्या टप्प्यात नेब्रास्का 28-17 पुढे. इथे फ्रॉस्टनं अनपेक्षित चाल केली. टचडाउननंतर चेंडू नेहमीप्रमाणे लांब मारायचा सोडून जवळच मारायला लावला, म्हणजे आपल्याच खेळाडूनं तो पटकवावा. याला ऑनसाइड किक म्हणतात. जमली असती तर सामना तिथेच खिशात. जमली नाही. नॉर्थवेस्टर्नला मोक्याच्या जागी चेंडू मिळाला आणि त्यांनी पुढे 31-28 असा सामना जिंकला. त्या रात्रीपासून ती किक हा कोचच्या मूर्खपणाचा पुरावा ठरला.

ती चाल धोक्याची होती, यात शंका नाही. अकरा गुणांनी पुढे असताना मी ती खेळायला सांगितली नसती. पण हे आज म्हणणं आणि चेंडू उडण्याआधी म्हणणं यात फरक आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी 1988मध्ये हाच फरक मोजला. त्यांनी लोकांना काही निर्णय वाचायला दिले, त्यात डॉक्टरांचे निर्णयही होते. निर्णय तोच, त्या वेळी हातात असलेली माहितीही तीच. बदल फक्त परिणामात. काहींना सांगितलं रोगी वाचला, काहींना सांगितलं दगावला. रोगी दगावल्याचं वाचणाऱ्यांनी डॉक्टरच्या विचारशक्तीलाच कमी गुण दिले. निकालावरून निर्णयाची पारख करू नये असं ज्यांना मान्य होतं, त्यांच्याकडूनही हे झालं. बैल गेल्यावर झोपा बांधणाऱ्याला आपण हसतो. पण बैल गेला म्हणून झोपा बांधणारा मुळातच अडाणी होता असं ठरवतो, तेव्हा आपलीही चूक कमी नसते.

आता आकड्यांकडे येऊ. या खेळात टचडाउनचे सहा गुण आणि त्यानंतर जास्तीत जास्त आणखी दोन मिळतात. म्हणून आठ किंवा कमी गुणांनी सुटलेला सामना एका चढाईच्या फरकाचा मानतात. नेब्रास्कात फ्रॉस्टनं एकूण 47 सामने खेळवले: 16 जिंकले, 31 हरले. त्यातले तब्बल 27 सामने एका चढाईच्या आतले, आणि त्या 27पैकी जिंकले फक्त 5. हे बाजूला काढलं की उरलेल्या 20 सामन्यांत हिशेब 11 विजय, 9 पराभवांचा निघतो. म्हणजे निर्विवाद सुटलेल्या सामन्यांत संघ बरा, आणि अटीतटीच्या सामन्यांत केविलवाणा.

2021चा मोसम तर विलक्षणच. 12 सामन्यांत 3 विजय, 9 पराभव. सगळे नऊ पराभव नऊ किंवा कमी गुणांचे: मिशिगनकडून 3 गुणांनी, ओक्लाहोमाकडून 7, ओहायो स्टेटकडून 9. नऊ पराभवांत मिळून पिछाडी फक्त 56 गुणांची. तीन विजय मात्र दणदणीत, मिळून 119 गुणांच्या फरकाचे. पूर्ण मोसमात संघानं प्रतिस्पर्ध्यांपेक्षा 63 गुण जास्त केले, आणि तरीही तो तळाला गेला.

अटीतटीचे सामने नाणेफेकीसारखे असतात असं समजू. 27 वेळा नाणं उडवलं आणि छापा पाच किंवा त्याहून कमी वेळा पडला, याची शक्यता किती? गणित केलं तर साधारण 1,300मध्ये एक. एवढी कमी शक्यता म्हटल्यावर कुणीही म्हणेल, हे नशीब नाही, कोचच जबाबदार.

इथे घाई होते. वरच्या स्तरावर सुमारे 130 विद्यापीठांचे संघ खेळतात. 130 जणांनी प्रत्येकी 27 वेळा नाणं उडवलं, तर त्यांतल्या कुणा एकाची तरी अशी दैना होण्याची शक्यता 1,300त एक राहत नाही, ती दहात एकच्या आसपास जाते. गेल्या काही दशकांत येऊन गेलेले सगळे कोच धरले तर अशी एखादी कहाणी कुठे तरी घडणारच. आपण आधी सगळ्यात दुर्दैवी संघ शोधून काढतो आणि मग 'हा इतका दुर्दैवी कसा?' असं आश्चर्य करतो. मात्र इथे सगळं नाण्यावर ढकलणंही प्रामाणिकपणाचं होणार नाही. 2021मध्ये आयोवाविरुद्ध नेब्रास्का 21-6 पुढे होता. आयोवानं एक पंट, म्हणजे चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक, अडवून थेट टचडाउन केला आणि सामना 28-21 असा फिरला. मिशिगन स्टेटविरुद्धही शेवटच्या मिनिटांत पंट झेलून समोरच्या खेळाडूनं 62 यार्ड धाव घेतली. किकच्या वेळी पुनःपुन्हा ढिसाळपणा होत असेल तर तो सरावाचा, म्हणजे कोचचाही दोष. त्यामुळे माझं मत असं: फ्रॉस्टचा दोष खरा होता, पण 5 विजय, 22 पराभव हा आकडा दाखवतो तेवढा मोठा नव्हता.

मग काढल्यानं फायदा होतो का? चाहते म्हणतात, होतो. नवा कोच आला आणि संघ सुधारला अशी उदाहरणं ते देतात. इथे फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला मध्ये आणावं लागतं. 1886मध्ये त्यानं दाखवलं की फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीनं आईबापांपेक्षा थोडी कमी. फार बुटक्यांची मुलं थोडी जास्त उंच. जिथे कौशल्याबरोबर योगायोगही मिसळलेला असतो, तिथे टोकाच्या कामगिरीनंतरची कामगिरी सरासरीकडे सरकते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं की कौतुक केलं की वैमानिक पुढच्या वेळी बिघडतो, रागावलं की सुधारतो. खरं तर उत्तम उड्डाणानंतर साधारण उड्डाण आणि वाईट उड्डाणानंतर बरं उड्डाण हे शब्दही न बोलता घडलं असतं. कोचचंही तेच. त्याला काढतात ते संघ तळाला गेल्यावर. तळावरून पुढची वाट बहुधा वरच जाते, खुर्चीत कुणीही बसो. ताप उतरायच्या दिवशी दिलेल्या औषधाला गुण येतो, तसंच हे.

म्हणून खरा प्रश्न 'काढल्यावर सुधारणा झाली का?' हा नाही. तितकाच वाईट खेळूनही ज्यांनी कोच बदलला नाही, त्यांचं काय झालं, हे बघायला हवं. स्कॉट अॅडलर, मायकेल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी नेमकं हेच केलं. 1997 ते 2010 या काळातले वरच्या स्तरावरचे कॉलेज संघ घेऊन त्यांनी सारख्या अवस्थेतल्या संघांची तुलना केली: एकानं कोच बदललेला, दुसऱ्यानं ठेवलेला. अगदी गाळात गेलेल्या संघांना कोच बदलल्यानं जवळजवळ काहीच फरक पडला नाही. न बदलणारेही तेवढेच सावरले. मध्यम कामगिरीच्या संघांनी कोच बदलला, तर पुढची काही वर्षं ते न बदलणाऱ्यांपेक्षा वाईट खेळले. हा सरासरीचा निष्कर्ष आहे, प्रत्येक संघाचं भविष्य नव्हे. पण करोडो डॉलर मोजण्याआधी तो वाचायला हवा.

नेब्रास्काचा इतिहास या निष्कर्षाशेजारी ठेवून वाचताना मला वाईट वाटतं. टॉम ऑस्बोर्न 1973 ते 1997 अशी पंचवीस वर्षं कोच होते. 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. त्यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी सहा वर्षांत 58 जिंकले, 19 हरले. 2003च्या मोसमात 9-3 (नऊ विजय, तीन पराभव) अशी कामगिरी करून, कोलोरॅडोला हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. पुढच्याच वर्षी, बिल कॅलाहन यांच्या हाताखाली संघ 5-6 झाला. 1961नंतर पहिल्यांदाच विजयांपेक्षा पराभव जास्त. मग बो पेलिनी आले. सात वर्षं, दर वर्षी किमान नऊ विजय. 2014मध्ये त्यांनाही 9-3 असताना काढलं. त्यांच्या जागी आलेल्या माइक रायली यांचा हिशेब 19-19. आणि मग फ्रॉस्ट. तुलना दर वेळी ऑस्बोर्नच्या सुवर्णकाळाशी होत होती, आणि इतकी वर्षं टिकणारा सुवर्णकाळ हेच मुळात सरासरीपासून फार दूरचं टोक होतं.

खुर्ची जाण्याच्या भीतीचा परिणाम मैदानावरही होतो. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञानं 2006मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे आकडे तपासून दाखवलं की दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी चौथ्यात पुढे जायची संधी असतानाही कोच गरजेपेक्षा जास्त वेळा किक मारून चेंडू सोडून देतात. धाडस फसलं तर दोष कोचला. सुरक्षित खेळून हरलं तर दोष खेळाडूंना. निकालावरून डोकं मागणारा चाहता नकळत आपल्याच संघाला भित्रा बनवतो.

त्या संध्याकाळी लिंकनमध्ये जिंकलेल्या जॉर्जिया सदर्नचे कोच होते क्ले हेल्टन. एक वर्षापूर्वी, 13 सप्टेंबर 2021ला, स्टॅनफर्डकडून झालेल्या पराभवानंतर दोनच दिवसांत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठानं त्यांना काढलं होतं.

फ्रॉस्टनंतर कायमचे कोच म्हणून मॅट रूल आले. 2023मध्ये त्यांच्या संघानं मोसमातल्या शेवटच्या चारपैकी एक सामना जिंकला असता तरी तो मोसमानंतरच्या 'बोल' सामन्याला पात्र ठरला असता. चारही हरले: 20-17, 13-10, 24-17, 13-10. सगळे एका चढाईच्या आतले. रूलना ठेवलं. 2024मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये नेब्रास्कानं बोस्टन कॉलेजला 20-15 असं हरवलं आणि 7-6 असा मोसम संपवला. 2016नंतर पहिल्यांदाच विजय पराभवांपेक्षा जास्त झाले, आणि तेही पाच गुणांच्या फरकानं.